चाल पारखताना

घोडा पळवून घ्यावा आणि बैल चालवून घ्यावा, हे मराठवाड्यात कुणाला शिकवावे लागत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात मार्गशीर्षाच्या अखेरीस माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते आणि हिंगोली, परभणी, लातूरकडची माणसे जनावरांसह तिथे उतरतात. घोड्याचा सौदा तो दुडकीवर काढून दाखवल्याशिवाय ठरत नाही. बैलाला दोन-चार फेऱ्या मारायला लावून त्याचा खूर, फरा, पुठ्ठा सगळे नजरेखालून घातले जाते. त्याच यात्रेत कुत्र्यांचेही प्रदर्शन असते. पण कुत्रे विकत घ्यायची वेळ आली की बहुतेक जण पिल्लू मांडीवर घेतात, रंग बघतात, तोंड किती निमुळते आहे ते बघतात आणि पैसे मोजतात. ज्या जनावराचे सारे नाव त्याच्या पायांवर उभे आहे, त्याचे पाय चालताना कसे पडतात हे मात्र कुणी बघत नाही. त्याच्या आईबापांना चालवून दाखवा, असेही कुणी म्हणत नाही. कुत्र्याची चाल कशी बघायची, हे मराठीत नीट सांगावे, एवढ्यासाठी हे पुस्तक आहे.

पुस्तकाची भूमी हिंगोली जिल्हा आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा लहान असला, तरी कुत्र्याच्या पायाला इथे दोन तऱ्हेची परीक्षा द्यावी लागते. वसमतकडे येलदरी-सिद्धेश्वरच्या कालव्यांचे पाणी आणि पावसाळ्यात पायाला धरून बसणारी काळी जमीन. सेनगाव-औंढ्याकडे बरड माळ, गोटे आणि उघडे डोंगर. काळीत चालणाऱ्या कुत्र्याला पाय वर उचलावे लागतात. माळावरच्या कुत्र्याला तळव्याची जाड गादी आणि मिटलेली बोटे लागतात. इथे हटकर धनगरांची मेंढरे आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत, आणि प्रत्येक गावात कुणाच्याच मालकीची नसलेली पण सगळ्यांच्या भाकरीवर वाढलेली कुत्री आहेत. नामदेवांच्या नरसीचा हा जिल्हा. भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट इथल्या पोरासोरांना ठाऊक असते. कुत्र्याकडे मायेने बघणे या मातीत जुने आहे. त्याच्याकडे बारकाईने बघणेही तितकेच जुने आहे, पण ते कागदावर आले नाही.

आधी चालीच जाणून घेऊ. सावकाश चालणाऱ्या कुत्र्याचे दोन किंवा तीन पाय नेहमी जमिनीवर असतात. दुडकीत कोनाकोनातले दोन पाय, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा, एकदम उठतात आणि एकदम टेकतात. मग दुसरी जोडी. कधी कधी एकाच बाजूचे दोन्ही पाय जोडीने पडतात. दमलेल्या किंवा अंगाने सुटलेल्या कुत्र्यात ही चाल बरेचदा दिसते, आणि ती दिसली की कारण शोधावे. यापुढची चाल भरधाव. कारवानी किंवा पश्मी यांसारखे शिकारी कुत्रे भरधाव सुटले की एका झेपेत ते दोनदा पूर्णपणे अधांतरी असते : एकदा पाय पुढेमागे ताणलेले असताना, आणि एकदा चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. धावणाऱ्या घोड्याला हे एकदाच जमते. हा फरक पाठीच्या कण्यात आहे. या कुत्र्यांची कंबर धनुष्यासारखी वाकते आणि सुटते, आणि प्रत्येक झेपेची लांबी तिथून येते.

मग पारख भरधाव धावण्यात करावी, असे कुणालाही वाटेल. पण चालीचे दोष दुडकीत उघडे पडतात. दुडकीत एका वेळी दोनच पाय भार घेतात आणि डाव्या-उजव्या बाजूंचा ठेका सारखा असतो, त्यामुळे एक पाय जरी भार चोरत असला तरी ठेका मोडतो. सावकाश चालीत तिसरा पाय मदतीला येतो. भरधाव धावताना सगळे इतक्या झपाट्याने होते की उघड्या डोळ्यांना काही हाती लागत नाही.

ज्याला या विषयाची सुरुवात स्वतः करायची आहे, त्याने पाऊस उघडल्यावर सकाळी ओल्या काळीच्या वाटेवर कुत्र्याला दुडकीने नेऊन ठसे बघावेत. मोठा ठसा पुढच्या पायाचा, लहान मागच्याचा. नीट चालणाऱ्या कुत्र्याचा मागचा पाय पुढच्या पायाने नुकत्याच सोडलेल्या जागेवर किंवा तिला लागूनच पडतो. वेग वाढत जातो तसे डावे-उजवे ठसे एकमेकांजवळ सरकतात आणि शेवटी जवळजवळ एका रेघेत येतात. नवख्या माणसाला हा दोष वाटतो. तो दोष नाही. तोल राखण्यासाठी पाय अंगाच्या मध्याखाली येतात. दोष असा दिसतो : मागचे ठसे सतत एकाच बाजूला सरकलेले असले, तर कुत्रे तिरके चालते आहे. डाव्या-उजव्या पावलांमधली अंतरे सारखी नसली, तर एका बाजूला काहीतरी दुखत असावे. ठशाच्या पुढे नखे ओढत नेल्याची बारीक रेघ असेल, तर तो पाय पुरता उचलला जात नाही. अशा कुत्र्याचे पंजे हातात घेऊन बघा, नखे वरच्या अंगाने झिजलेली सापडतील. हे मज्जातंतूंच्या दुखण्याचे लक्षण असू शकते आणि लंगडणे दिसू लागण्याच्या कितीतरी आधी ते नखांवर दिसते.

शरीराच्या रचनेबद्दल इथे एकच गोष्ट सांगतो, कारण पुढचे बरेच काही तिच्यावर अवलंबून आहे. माणसासारखी भक्कम हासळी कुत्र्याला नसते. त्याचा पुढचा पाय धडाला हाडाच्या सांध्याने जोडलेला नाही, तो स्नायूंनी बांधलेला आहे. उभ्या कुत्र्याचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, उरलेला मागच्या. ढकलण्याचे काम मुख्यतः मागचे पाय करतात. पुढचे पाय धक्का झेलतात, तोल राखतात, वळवतात. म्हणून कुत्र्याचा खांदा नुसता हात लावून कळत नाही. तो चालताना बघावा लागतो.

कुत्र्याची चाल चार परंपरांनी पारखली आहे. पहिली आपल्याकडची, कामाची. ती कधीपासून आहे? कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकींच्या भागात 'सारमेयविनोद' या नावाने कुत्र्यांना स्वतंत्र जागा दिलेली आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्याच्या शिवेला लागून. दरबारी ग्रंथात कुत्र्याला अशी जागा मिळते तेव्हा त्याआधी कित्येक पिढ्या कुणीतरी कुत्रे पाळत, निवडत, वाढवत आलेले असते. ती माणसे लिहिणारी नव्हती. पुढे इंग्रज शिकाऱ्यांच्या लिखाणात बंजाऱ्यांचे 'ब्रिंजारी' कुत्रे येते; मुधोळच्या घोरपडे राजांनी पाचव्या जॉर्जला याच घडणीची कुत्री भेट दिली आणि 'मुधोळ' हे नाव सर्वतोमुखी झाले. केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्याची नोंद कारवानी म्हणून करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ म्हणून. नावाच्या या वादाने चालीच्या परीक्षेत काहीच बदलत नाही, म्हणून तो या पुस्तकात घेतलेला नाही.

तांड्यावर आणि माळावर या कुत्र्याची परीक्षा शिकारीतच होत असे. ससा धावता धावता एकाएकी काटकोनात वळतो. त्या वळणावर जे कुत्रे घसरले, ज्याचा दम तुटला, ज्याचा पाय दुसऱ्या दिवशी सुजला, त्याची वीण पुढे चालवायची नाही, हा साधा नियम होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबवली. हे योग्यच झाले. माळावर आज जी थोडी काळविटे उरली आहेत ती त्या कायद्यामुळे. पण शिकारीबरोबर कुत्र्याची परीक्षाही गेली, आणि तिच्या जागी दुसरी परीक्षा कुणी आणली नाही. तेव्हापासून या कुत्र्यांच्या कित्येक पिढ्या कुणी चाल न तपासता जन्मल्या आहेत. माझ्या मते कारवानी आणि पश्मीवर आलेले खरे संकट हेच आहे, आणि शुद्ध-अशुद्ध रक्ताच्या चर्चेत ते झाकले जाते.

मेंढपाळाची पारख वेगळी आहे, आणि तिच्याकडे आजवर फार दुर्लक्ष झाले. त्याच्या कुत्र्याला झेप घ्यायची नसते. त्याला कळपाच्या गतीने दिवसभर चालायचे असते आणि रात्री जागायचे असते. म्हणून मेंढपाळ कुत्र्याची चाल सकाळी ताजेतवाने असताना बघत नाही. मुक्कामाला पोचताना ते कसे चालते, बसताना अंग एकदम टाकते की सावकाश खाली घेते, आणि पहाटे उठल्यावर पहिली दहा पावले कशी टाकते, हे तो बघतो. पहिली दहा पावले आखडलेली आणि मग मोकळी झाली, तर सांधे दुखत आहेत. चालता चालता लंगडणे वाढत गेले, तर कारण दुसरे आहे. लंगडणे चालून कमी होते की वाढते, हे पशुवैद्यही कुत्रे आणणाऱ्या माणसाला विचारतात.

दुसरी परंपरा प्रदर्शनांची. कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन १८५९ मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलला भरले आणि १८७३ मध्ये तिथला केनेल क्लब उभा राहिला. आपल्याकडच्या केनेल क्लबची मुळे १८९६ पर्यंत जातात. प्रत्येक जातीचे लेखी मानक करायचे आणि रिंगणात कुत्र्याला समोरून येताना, पाठमोरे जाताना आणि बाजूने दुडकीवर बघायचे, ही पद्धत या परंपरेने घालून दिली. पद्धत म्हणून ती उत्तम आहे आणि या पुस्तकानेही तीच घेतली आहे. तिचा धोका वेगळ्या जागी आहे. माक्स फॉन श्टेफानित्झ यांनी १८९९ मध्ये जर्मन शेफर्ड जातीचा संघ काढला तेव्हा त्यांना मेंढरांमागे दिवसभर न थकता दुडकी मारणारे कुत्रे हवे होते. पुढे रिंगणात लांबच लांब टाकलेल्या पावलांना टाळ्या मिळू लागल्या, तशी काही वाणांत पाठ मागे उतरती होत गेली, मागचे पाय वाजवीपेक्षा वाकले, आणि जातीचे जाणकारच त्यावर टीका करू लागले. दिसायला मोठे पाऊल म्हणजे चांगले पाऊल, हा समज तिथून जगभर पसरला. आपल्या कारवानीच्या बाबतीत तो आताच आवरला पाहिजे.

तिसरी परंपरा कॅमेऱ्यापासून सुरू होते. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याची छायाचित्रे ओळीने घेतली आणि हजारो वर्षे चित्रकारांनी काढलेला धावता घोडा चुकीचा होता हे दिसून आले. १८८७ च्या त्यांच्या मोठ्या संग्रहात कुत्रीही आहेत. विसाव्या शतकात मिल्टन हिल्डब्रँड यांनी चालींचे आलेख मांडले. रेचल पेज एलियट यांचे 'डॉगस्टेप्स' १९७३ मध्ये आले. चालत्या कुत्र्याच्या क्ष-किरण चित्रफिती बघून खांद्याचे पाते ४५ अंश मागे झुकलेले असावे या सूत्रावर त्यांनी प्रश्न उभा केला. हे सूत्र तोवर प्रदर्शनांच्या जगात वेदवाक्य मानले जात होते. २०११ मध्ये जर्मनीतल्या येना विद्यापीठातले मार्टिन फिशर आणि कारिन लिल्ये यांनी ३२ जातींच्या ३२७ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढचा पाय खांद्याच्या सांध्यापासून हलतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात खांद्याचे अख्खे पातेच वरच्या कडेपाशी झुलते आणि पावलाची बरीचशी लांबी तिथून येते, हे त्यातून स्पष्ट झाले. इंग्लंडच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले, की वळणावर ग्रेहाउंड आपल्या पावलांचा ठेका बदलत नाही. पायांवर येणारा ६५ टक्के जास्तीचा भार तो झेलून नेतो. ससा वळला की कुत्र्याच्या पायांचे काय होते हे आपल्या शिकाऱ्यांना अनुभवाने ठाऊक होते. या आकड्याने त्याचे माप कळले.

चौथी परंपरा दवाखान्याची. इथे एकच खूण सांगतो, कारण ती प्रत्येक पाळणाऱ्याला येणे गरजेचे आहे. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना कुत्रे डोके वर उचलते आणि चांगला पाय टेकताना डोके खाली जाते. त्यामुळे डोके ज्या पायावर खाली येते तोच दुखरा, असे समजून लोक चांगल्या पायाला तेल चोळत बसतात. मागच्या पायाचे दुखणे पुठ्ठ्याच्या वरखाली होण्यात शोधायचे. पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे जोडीने टाकणारे पिल्लू गोड दिसते, पण त्याचे खुब्याचे सांधे तपासून घ्यावेत. बसताना एक पाय बाहेर टाकणाऱ्या मोठ्या कुत्र्याचा गुडघा तपासावा. आणि नजरेवर सगळा भरवसा ठेवू नये. बेताचे लंगडणे अनुभवी पशुवैद्यांनी एकाच कुत्र्यात बघितले तरी त्यांचे एकमत होत नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. म्हणून मोठ्या रुग्णालयांत भार मोजणाऱ्या पट्ट्यांवरून कुत्र्याला चालवतात. बसक्या नाकाच्या पगसारख्या कुत्र्यांसाठी इंग्लंडच्या केनेल क्लबने केंब्रिज विद्यापीठाबरोबर २०१९ मध्ये एक चाचणी आणली : कुत्र्याला तीन मिनिटे दुडकी मारायला लावायची आणि आधी-नंतर श्वास ऐकायचा. नांदेड-हिंगोलीच्या घराघरांत आता पग दिसतात. त्यांच्या मालकांनी पायांइतकेच श्वासाकडे लक्ष द्यावे.

या चार परंपरा एकमेकींशी फारशा बोलत नाहीत. प्रदर्शनवाल्याला मेंढपाळ अडाणी वाटतो, मेंढपाळाला रिंगण म्हणजे तमाशा वाटतो, आणि प्रयोगशाळेतले काम दोघांपर्यंत पोचत नाही. माझे मत असे आहे की चालीची पारख कामावरून सुरू झाली पाहिजे आणि मोजमापाने पक्की झाली पाहिजे. चांगली चाल अशी एकच एक नसते. मेंढरांमागच्या कुत्र्याला कारवानीच्या मापाने तोलले तर ते नापास होईल, आणि कारवानीला मेंढपाळाच्या मापाने तोलले तर तेही. आधी कुत्रे कोणत्या कामाचे आणि कोणत्या जमिनीवरचे आहे ते ठरवावे, मगच त्याची चाल बघावी.

हे आताच का? ३० ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये मुधोळसह देशी जातींची नावे घेतली. त्याआधीच मेरठच्या लष्करी केंद्रात मुधोळ कुत्र्यांचे प्रशिक्षण सुरू झाले होते. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने राजपालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ यांची जाती म्हणून नोंद केली. या सगळ्याचा आनंद आहे, पण मागणी वाढली की पैदास वाढते, आणि घाईच्या पैदाशीत जवळच्या नात्यातली कुत्री एकत्र आणली जातात. त्याहून मन दुखवणारी गोष्ट रस्त्यावर दिसते. पाच-सहा महिन्यांच्या पिलाला दोरीने मोटारसायकलला बांधून डांबरी रस्त्यावर पळवतात, वेग यावा म्हणून. त्या वयात हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या अजून कूर्चेच्याच असतात. मोठ्या अंगाच्या कुत्र्यांत त्या पक्क्या व्हायला वर्ष किंवा त्याहून जास्त लागते. तिथे इजा झाली तर पाय जन्मभर वाकडा राहतो. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये भर दुपारी हेच केले, तर पिल्लू उष्माघाताने जागेवर दगावू शकते. हे करणारी मुले क्रूर नाहीत. त्यांना कुणी सांगितलेले नाही, आणि सांगणारे पुस्तक मराठीत त्यांच्या हाती पडलेले नाही.

दुसरीकडे, आज जे साधन प्रत्येकाच्या खिशात आहे ते मायब्रिज यांच्याकडेही नव्हते. साध्या मोबाईलवर संथ गतीचे चित्रण होते. कडक सपाट जमीन, ढिला पट्टा, सकाळची वेळ. समोरून, मागून आणि बाजूने एकेक फेरी. मोबाईल कुत्र्याच्या कोपराच्या उंचीवर धरायचा, उभ्याने वरून नाही. इतके केले तर रिंगणातल्या परीक्षकाला दिसते त्याहून जास्त दिसते. सहा-सहा महिन्यांनी तेच चित्रण करून शेजारी शेजारी ठेवले, तर कुत्र्याच्या तब्येतीची वही तयार होते. पिल्लू घेणाऱ्याने आईबापांचे असे चित्रण मागावे. ते न दाखवणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये.

हे पुस्तक परीक्षकांसाठी गुणांची कोष्टके देत नाही. ती केनेल क्लबच्या मानकांत मिळतात. पशुवैद्याची जागा घेण्याचाही त्याचा दावा नाही. लंगडे कुत्रे पुस्तक उघडून बरे होत नाही, त्याला परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे. जिवंत ससा सोडून कुत्रा पारखण्याच्या प्रकाराला इथे जागा नाही. तो गुन्हा आहे आणि त्याची गरजही उरलेली नाही. पुस्तकाला एवढेच करायचे आहे, की मेंढपाळ, तांड्यावरचा जाणता, प्रदर्शनात कुत्रे उतरवणारा आणि पशुवैद्य यांनी एकाच कुत्र्याकडे बघताना एकमेकांचे म्हणणे समजावे. शब्दही त्याच बेताने घेतले आहेत. दुडकी, फरा, पुठ्ठा, ठेका हे घोड्या-बैलांच्या बाजारातले शब्द कुत्र्यालाही चालतात, म्हणून जिथे ते पुरले तिथे इंग्रजी शब्द आणलेले नाहीत. गावातल्या बिनमालकाच्या कुत्र्यांना मुद्दाम जागा दिली आहे. कुणी निवड न करता, माणसाची आवड मध्ये न येता, पिढ्यान्‌पिढ्या याच जमिनीवर टिकलेली त्यांची चाल विषय शिकणाऱ्यासाठी सर्वांत चांगला धडा आहे, आणि ती बघायला दाराबाहेर पडणे पुरेसे आहे.

वाचकांना एक विनंती आहे. कळमनुरी, सेनगाव, औंढ्याच्या वाड्यातांड्यांवर अजून अशी म्हातारी माणसे आहेत, ज्यांनी कुत्र्याला चालताना बघून वीण ठरवली आहे. त्यांची मुले आता पुण्या-मुंबईला कामाला आहेत आणि कळप विकले गेले आहेत. तुमच्या ओळखीत असे कुणी असेल तर त्यांच्यापुढे एखादे कुत्रे चालवा, त्यांना काय दिसते ते विचारा, आणि त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवा. पुस्तकात जे चुकले असेल तेही त्यांच्याकडून तपासून प्रकाशकांकडे कळवा. पुढच्या आवृत्तीत ते सांगणाऱ्याच्या गावाच्या उल्लेखासह घेतले जाईल.